व्हिएन्नात दोनच दिवस आहेत, ऑपेराचं तिकीट काढावं की थिएटर आतून दाखवतात ती फेरी करावी?

फेरी करा.

ऑपेरातलं ओ की ठो कळत नाही म्हणून प्रयोग टाळत असाल तर ते कारण चुकीचं आहे. स्टाट्सऑपर म्हणजे व्हिएन्नाचं सरकारी ऑपेरा थिएटर, तिथे प्रत्येक खुर्चीसमोर छोट्या पडद्यावर भाषांतर येतं. पण एकच काहीतरी जमणार असेल तर फेरी. तुम्ही खाली लिहिलंय, "रिकामं स्टेज आणि दोऱ्या बघायला पैसे कशाला घालवायचे?" हे वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो. मी तीस वर्षं नागपुरात हौशी नाटकांचं बॅकस्टेज करतोय.

खूप वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आमचं नाटक होतं. पहिल्या अंकात वाड्याची ओसरी, दुसऱ्यात कोर्ट. लाकूड लकडगंजातून आणलं, मांजरपाट गांधीबागेतून, आणि चौदा फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणलेल्या सेटच्या भिंती, आम्ही चौघांनी रात्री जागून तयार केले. दिग्दर्शकांना मी म्हटलं, भाऊ, एक तालीम नुसती सेट बदलायची द्या. नट नकोत, फक्त आम्ही चौघं आणि घड्याळ. ते म्हणाले, "तालीम नटांची असते. तुला फक्त उचलायचं अन् ठेवायचं आहे."

प्रयोगात कोर्टाचा कठडा ओसरीच्या खांबाला अडकला. अंधारात तो बदल अकरा मिनिटं चालला. प्रेक्षागृहात आधी कुजबुज झाली, मग शिट्ट्या. पडदा पडल्यावर सगळ्या नटांसमोर भाऊ ओरडले, "तुम्ही लोक आतमध्ये करून काय राहिले होते? बॅकस्टेजनं नाटक घालवलं!" मी तेव्हा गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं मला आजही बोचतं.

गेल्या मे महिन्यात व्हिएन्नाला लेकीकडे गेलो होतो, तेव्हा तिने ही फेरी करवली. चाळीस मिनिटांची. संगमरवरी जिना, झुंबरं, राजाची खोली हे सगळं सुंदरच आहे, त्यावर मी लिहीत नाही. आम्ही स्टेजजवळ पोचलो तेव्हा आदल्या रात्रीच्या ऑपेराचा सेट उतरत होता आणि संध्याकाळी बॅले होता. तिथे वर्षातले दहा महिने जवळजवळ रोज प्रयोग, आणि बहुतेकदा आज एक तर उद्या दुसरा. सेट शहरातल्याच आर्सेनल भागातल्या गोदामातून ट्रकने येतात-जातात. स्टेजची जमीन तुकड्यातुकड्यांनी वरखाली होते. काळ्या कपड्यांतली माणसं तुकडे नेत होती, कुणीही आवाज चढवत नव्हतं. बॅलेसाठी काळ्या विनाइलचे लांब पट्टे अंथरले जात होते. एकजण गुडघ्यांवर बसून दोन पट्ट्यांच्या सांध्यावरून तळहात फिरवत होता, कुठे कड वर आली नाही ना ते बघत. त्याच जागी संध्याकाळी कुणाचा तरी चवडा टेकणार होता. मी तिथेच थांबलो, आमचा गट पुढे निघून गेला.

गाइडला विचारलं, हे लोक सेटची वेगळी तालीम करतात का? ती म्हणाली, अर्थातच. जर्मन रंगभूमीवर तर त्याआधीच्या एका टप्प्यालाही स्वतंत्र नाव आहे, बाउप्रोबे. नवा प्रयोग उभा राहण्याच्या कितीतरी आधी साध्या लाकडा-कापडाचा कच्चा सेट स्टेजवर लावून बघतात. कुठे काय अडतं ते तेव्हाच कळतं. आमचा कठडाही तेव्हाच कळला असता.

नागपूरला परतल्यावर मी भाऊंकडे गेलो आणि हे सांगितलं. म्हणाले, "त्यांच्याकडे शंभर माणसं आहेत." मी म्हटलं, शंभर असूनही ते तालीम करतात, आम्ही तर चौघं होतो. यावर त्यांनी चहा मागवला.

इमारतीचीही एक गोष्ट गाइड सांगतात, ती नीट ऐका. बांधकाम सुरू झाल्यावर समोरच्या रस्त्याची पातळी सुमारे मीटरभर वाढवली गेली, इमारत बसकी दिसू लागली आणि लोक तिला 'बुडालेली पेटी' म्हणू लागले. दोन वास्तुविशारदांपैकी फान डेर न्युल यांनी १८६८ मध्ये गळफास घेतला, आणि दोन-अडीच महिन्यांत त्यांचे जोडीदार झिकार्ड्सबुर्गही वारले. थिएटर उघडलं १८६९ च्या मेमध्ये. रस्ता दुसऱ्यांनी उंच केला, बोल यांना लागले.

१२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात प्रेक्षागृह, स्टेज आणि सुमारे दीड लाख पोशाख जळाले. दीड लाख! अख्खा कपडेपट गेला. १९५५ मध्ये थिएटर पुन्हा उघडलं. स्टेज आणि प्रेक्षकांमधला, आग अडवणारा लोखंडी पडदा जरूर बघा. याच शहरातल्या रिंगथिएटरला १८८१ च्या डिसेंबरमध्ये स्टेजवरचे गॅसचे दिवे लावताना आग लागली आणि शेकडो माणसं गेली. त्यानंतर असा पडदा आणि बाहेर उघडणारी दारं सक्तीची झाली. आमच्याकडे संकटकाळी उघडायच्या दाराला जुने फ्लॅट टेकवून ठेवलेले मी कितीदा हलवलेत. तुमच्या ओळखीत कुणी नाटक करत असेल तर त्याला आधी हे सांगा, आणि एक तालीम बॅकस्टेजला द्यायला सांगा.

आता तुमच्या कामाचं. फेरीत स्टेज दिसेलच असं नाही, तालीम चालू असेल तर लांबूनच दाखवतात. शिवणकाम आणि सुतारकामाच्या कार्यशाळा मला दिसल्या नाहीत. फेरी इंग्रजीतही असते, वेळा आधी बघून ठेवा. आणि दुसरी संध्याकाळ मोकळी असेल तर उभ्याने बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. नेहमीचे लोक कठड्याला रुमाल बांधून जागा धरतात, तुम्हीही बांधा. म्हणजे दोन्ही होईल. फक्त फेरी आधी करा, म्हणजे रात्री सेट बदलेल तेव्हा अंधारात कोण काय उचलतंय ते तुम्हाला ठाऊक असेल.