बातमीत जात कशासाठी?

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या गावात एका रात्रीत तीन घरे फुटली आणि दुसऱ्याच दिवशी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘पारधी टोळीचा धुमाकूळ’ असा मथळा आला. आठवडाभराने पोलिसांनी ज्यांना पकडले ते त्याच गावातले, शेतीवाडी असलेल्या घरांतले तरुण निघाले. ती बातमी आतल्या पानावर ‘तीन तरुण अटकेत’ अशी चार ओळींत छापली गेली. दरम्यान माझ्या चौथीच्या वर्गातील पारधी मुलीशेजारी बसायला मुले तयार होईनात. एकाचे खोडरबर सापडेना, तेव्हा साऱ्यांनी तिच्याच दप्तराकडे बोट दाखवले. सहकारी म्हणतात, पोलिसांनी सांगितले तेच छापले, त्यात वर्तमानपत्राचा काय दोष? त्यांना काय उत्तर द्यावे आणि मला काही करता येईल का?

उत्तर : तुम्ही पाठवलेली दोन्ही कात्रणे मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. पहिल्या बातमीत चोरांना कोणी पाहिलेले नाही, तरी त्यांची जात मथळ्यात आहे. दुसरीत चोर कोठडीत आहेत, त्यांची नावे, वये, गाव असे सगळे आहे आणि जात तेवढी नाही. दुसऱ्या बातमीत जात दिली नाही हे योग्यच झाले. तोच नियम पहिल्या बातमीला का लावला गेला नाही, एवढेच सहकाऱ्यांना विचारा.

‘पोलिसांनी सांगितले’ हे खरे असेलही. मी काही वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. सायंकाळी पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक येई, त्यात संशयितांच्या नावापुढे जात लिहिलेली असे, पान सोडायची वेळ झालेली असे आणि दोन ओळींच्या मथळ्यात बसेल असा शब्द हवा असे. ‘पारधी’ तीन अक्षरांत बसतो. असे मथळे मीही दिले आहेत आणि ते चूक होते. आरोपी सुटला तर त्याची बातमी कोणी मागत नसे, त्यामुळे वाचकाच्या मनात पहिला मथळाच कायमचा राही.

या सवयीचे मूळ जुने आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्या कायद्याने माणसाच्या कृत्यावरून नव्हे, जन्मावरून त्याला गुन्हेगार ठरवले. फासेपारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटा अशा अनेक समाजांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे आणि कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणात ठेवली जात. सोलापुरातील तो भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण सात वर्षांतच मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा केला. कागदावर तो व्यक्तीपुरता होता, तरी पोलिसांचा संशय जुन्याच वस्त्यांकडे वळत राहिला. असे कायदे रद्द करावेत, असे वंशभेदविषयक संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2007 मध्ये भारताला सांगितले होते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही त्यांत होत्या. ते प्रकरण एका पत्रकार महिलेच्या याचिकेतून उभे राहिले, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

वर्तमानपत्राची भाषाही तपासून पाहा. ‘भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले’ हे वाक्य आपण आठवड्यातून एकदा तरी वाचतो. राजपूत भामटा हा महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतील समाज आहे. बेरड हेही जमातीचे नाव आहे आणि मराठीत तीच निर्ढावलेल्या माणसाला दिलेली शिवी आहे. ‘कैकाडणीसारखी भांडतेस’ हे तर चांगल्या घरांत सहज बोलले जाते. ज्या मुलाचे आडनाव किंवा जातीचा दाखला हा शब्द सांगतो, त्याने सकाळचे वर्तमानपत्र कसे वाचावे? ‘भामटा’ऐवजी ‘ठग’ किंवा ‘चोरटा’ लिहिल्याने बातमीचे काहीही अडत नाही.

हे शब्द जिवावर कसे बेततात ते 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला दिसले. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश मोबाइलवर फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना बाजारातल्या जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्यांच्याविरुद्ध पुरावा असा काही नव्हताच. भटक्यांचा पेहराव आणि अनोळखी चेहरा एवढे जमावाला पुरे झाले.

आता तुमच्या हाती काय आहे ते सांगतो. भारतीय प्रेस परिषदेच्या पत्रकारितेच्या आचारनियमांनुसार व्यक्तीची किंवा समूहाची जात सांगणे टाळायचे असते, विशेषतः ज्या संदर्भात त्या जातीला कमीपणा येतो तिथे. प्रथम संपादकांना दोन्ही कात्रणांसह पत्र लिहा आणि पहिल्या मथळ्याची दुरुस्ती तितक्याच ठळकपणे छापण्याची मागणी करा. उत्तर समाधानकारक नसेल तर परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिकाबाबत ती बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. परिषद दंड करू शकत नाही, ताशेरे मात्र ओढू शकते, आणि माझ्या अनुभवात संपादकांना त्याची झळ लागते. पारधी समाज राज्यात अनुसूचित जमातींत असल्याने त्या मुलीला कोणी जातीवरून अपमानित केले तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही तिच्या पाठीशी आहे. चौथीतल्या मुलांवर तो उगारण्याची गरज नाही, पण मोठ्यांपैकी कोणी तिला किंवा तिच्या आईवडिलांना बोलले असेल, तर तसे स्पष्ट सांगा.

वर्गात मात्र तिला उभे करून तिच्या समाजाबद्दल चांगले बोलू नका. त्यानेही सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच खिळतील. दुसरी बातमी, ‘तीन तरुण अटकेत’ ही, फळ्यावर लिहून घ्या आणि आधी टोळी कोणाची म्हणून छापले होते ते मुलांनाच आठवायला सांगा. खोडरबर सापडले की नाही, ते तुम्ही लिहिलेले नाही. सापडले असेल तर कुठे सापडले, तेही त्याच वर्गासमोर सांगा. पहिले कात्रण 4 नोव्हेंबरचे आहे, म्हणजे तक्रारीसाठी 3 जानेवारीपर्यंतच वेळ आहे. संपादकांना लिहायच्या पत्राचा मसुदा मला पाठवलात तर मी तो लगेच पाहून परत पाठवीन.