क्लच दाबला की घरघर थांबते: बिघाड क्लचमध्ये की गिअरबॉक्समध्ये?

तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आलंय. २००८ ची डिझेल पिकअप, न्यूट्रलला उभी असताना खालून घरघर, क्लच दाबला की आवाज बंद, पाय काढला की पुन्हा सुरू. एक मिस्त्री म्हणतो पूर्ण क्लच सेट टाका, दुसरा म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल, आणि टोमॅटोचा हंगाम तोंडावर आलाय. मी गॅरेज चालवतो, माझ्याकडे जुन्या पिकअपच जास्त येतात. लक्षणं तुम्ही लिहिली तशीच असतील तर क्लच सेट टाकून हा आवाज जाईलच, असं मी तरी म्हणणार नाही. गिअरबॉक्स खाली घ्यायला सांगण्याआधी काही गोष्टी स्वतः तपासा.

आधी आत काय चालतं ते बघा. पेडलवर पाय नसतो तेव्हा फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक), क्लच प्लेट आणि तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट एकत्र फिरतात. क्लच प्लेटबरोबर गिअरबॉक्समध्ये शिरणारा दांडा, म्हणजे इनपुट शाफ्ट फिरतो आणि तो दातांनी जोडलेल्या खालच्या दांड्याला, काउंटर शाफ्टला फिरवतो. म्हणजे गाडी जागची हलत नसली तरी गिअरबॉक्सचं अर्धं काम चालूच असतं. पेडल दाबलं की इनपुट शाफ्ट इंजिनपासून सुटतो आणि थोड्या वेळात थांबतो. त्याच्याबरोबर जो आवाज थांबतो, तो या दोन शाफ्टांच्या बेअरिंगचा किंवा गिअरच्या दातांचा. रिलीज बेअरिंगचं, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटवर टेकून क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचं, उलटं असतं. पेडल दाबल्यावर त्याच्यावर भार येतो, त्यामुळे ते गेलं असेल तर दाबल्यावर आवाज सुरू होतो.

पण इथेच एक बारीक गोष्ट आहे आणि बरेच जण इथेच फसतात. पेडल किती दाबल्यावर आवाज थांबतो? नुसता पाय टेकवला, पेडल बोटभर खाली गेलं आणि तेवढ्यात आवाज गेला, तर इनपुट शाफ्ट अजून सुटलेलाच नाही. मग दोष रिलीज बेअरिंगकडे किंवा ते ढकलणाऱ्या काट्याकडे, क्लच फोर्ककडे असतो. सैल भाग किरकिरत असतो आणि हलका दाब मिळाला की गप्प बसतो. पेडल बरंच खाली गेल्यावर, क्लच सुटतो त्या जागी आवाज हळूहळू मरत असेल, तर गिअरबॉक्स. हे नीट, हळू पेडल दाबून, दोन-तीनदा करून बघा.

त्यानंतर आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू असतानाच ॲक्सिलरेटर किंचित दाबा. आरपीएम थोडे वाढल्याबरोबर खडखड नाहीशी झाली तर घाबरायचं कारण कमी. डिझेल इंजिन आयडलला धक्के देत फिरतं, आणि क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की ते धक्के थेट गिअरच्या दातांपर्यंत पोचतात. आयडल सेटिंग खाली गेलं असेल किंवा एखादा इंजेक्टर डिझेल नीट मारत नसेल तरी हेच होतं. अशा वेळी तुमचा पहिला मिस्त्री बरोबर ठरू शकतो. आवाज आरपीएमबरोबर वाढत गेला, घरघरीची शिट्टीसारखी कुईं झाली, तर ते बेअरिंग आहे.

आता गाडी रस्त्यावर काढा आणि प्रत्येक गिअरला कान द्या. मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या बहुतेक जुन्या पाच-गिअर गाड्यांत चौथा गिअर डायरेक्ट असतो. त्यात इंजिनचा जोर इनपुट शाफ्टमधून सरळ मागे जातो, काउंटर शाफ्टवर भार पडत नाही. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्यात आवाज आहे पण चौथ्यात बराच कमी होतो, असं असेल तर काउंटर शाफ्टची बेअरिंगं धरा. सगळ्या गिअरमध्ये सारखाच असेल तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय जास्त. मला या एका चाचणीवर सगळ्यात जास्त भरवसा आहे, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

आवाज गिअरप्रमाणे न बदलता फक्त गाडीच्या वेगाप्रमाणे बदलत असेल तर तो गिअरबॉक्सच्या मागचा आहे: प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, असल्यास सेंटर बेअरिंग, डिफरन्शियल किंवा चाकाचं बेअरिंग. सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात क्षणभर न्यूट्रल करून हे कळतं. घाटात, उतारावर हे चुकूनही करू नका.

गिअरबॉक्सचं तेल नक्की बघा. गाडी सपाट जागी, चाकांना ओट लावून. आधी भरायचा प्लग उघडा, मगच खालचा. वरचा जाम निघाला आणि तेल सोडून बसलात तर पंचाईत. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी. खालच्या प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लेप असणं साहजिक आहे. तो बोटांत चोळा. मऊ असेल तर ठीक, चमकणारे पातळ तुकडे टोचले तर बेअरिंगची किंवा दातांची झीज. चुंबकाला न चिकटता तेलातच तरंगणारी पिवळसर चकाकी दिसली तर सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा झिजतायत. नवीन तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. तिथे जीएल-४ (गिअर तेलाचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-५ नको, कारण काही जीएल-५ तेलांतली गंधकाची रसायनं पितळेला मानवत नाहीत. आवाज दाबायला जाड तेल घालायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, बेअरिंग त्याने बरं होत नाही.

गिअर टाकताना खर्र होतं असंही तुम्ही लिहिलंय. क्लच दाबून थोडं थांबून रिव्हर्स टाकला तरी खर्र होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर सहज पडला तर दोष पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणाऱ्या मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरचा, नाहीतर त्यांच्या लाइनमध्ये हवा. हे वेगळं आणि स्वस्तातलं काम आहे, त्याला घरघरीशी जोडू नका.

गिअरबॉक्स खाली आलाच तर त्या वेळी तिथे उभे राहा. इनपुट शाफ्टचं टोक हाताने धरून हळू फिरवा. टोक थोडं वर-खाली हलेल, ते चालतं, कारण त्याला आधार देणारं पायलट बेअरिंग इंजिनकडेच राहिलेलं असतं. पण फिरवताना बोटांना खरखर किंवा अडखळ जाणवली तर बेअरिंग बदलाच. माझ्याकडे एक पिकअप दुसरीकडे नवा क्लच सेट टाकूनही तोच आवाज घेऊन आली होती. बेअरिंग काढून धुतलं तर बाहेरच्या रेसवर (कड्यावर) एका बाजूला खवले निघालेले, नखाला सहज लागत होते. तिच्या मालकाला गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा पडली. म्हणून बॉक्स खाली असतानाच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज आणि पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, सगळं बघून घ्या आणि झिजलेलं बदला.

हंगाम संपेपर्यंत ओढता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. नुसती दातांची खडखड असेल तर येईल. बेअरिंग असेल तर भरलेली गाडी माळशेज घाटाने नेऊ नका. ते फुटलं की शाफ्ट सरकतो, दात तुटतात आणि बेअरिंगच्या खर्चात भागणारं काम अख्ख्या गिअरबॉक्सवर जातं. टोमॅटो निघायच्या आधीच्या आठवड्यात गाडी उभी करून काम करून घ्या, आणि तोवर माल दुसऱ्या गाडीने पाठवा.