हार्वेस्टर लोड घेत नाही, पंप वाढवावा का?

प्रश्न: वापरलेलं 14 फुटी हार्वेस्टर घेतलं आहे. सहा सिलिंडरचं लेलँड इंजिन आहे. रिकामं चांगलं चालतं, पण दाट सोयाबीनमध्ये शिरलं की दबतं आणि काळा धूर सोडतं. मिस्त्री म्हणतात, डिझेल पंप वाढवून घ्या, म्हणजे इंजिनला जास्त डिझेल जाईल असा लावून घ्या. घ्यावा का? (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर: अजिबात नको. काळा धूर येतो म्हणजे डिझेल पोचतंय, ते जळायला हवा पुरत नाही किंवा इंजिनवर झेपेल त्याहून जास्त लोड येतोय. अशा वेळी पंप वाढवला तर धूर वाढेल आणि पिस्टन-व्हॉल्व्ह जळतील.

आधी आरपीएम मोजा. डॅशबोर्डच्या जुन्या मीटरवर विसंबू नका, हातातला टॅकोमीटर क्रँक पुलीवर धरा. या वर्गातली बरीच इंजिनं 2200 आरपीएमला पूर्ण ताकद देतात. मळणीचा क्लच सोडवून फुल रेस केल्यावर आकडा 2200 च्या थोडा वर गेला पाहिजे. 2000 लाच अडकला तर एकाने रेस द्यावी, दुसऱ्याने पंपाचा लिव्हर स्टॉपरला टेकतो का ते पाहावं. ताणलेली केबल हा फुकटात निघणारा दोष आहे, आणि तोच सर्वांत शेवटी तपासला जातो. आता मळणी रिकामी जोडा. आकडा एकदम खाली आला तर जाम बेअरिंग किंवा कुठेतरी घासणारा भाग शोधा.

मग एअर फिल्टर. सोयाबीनची धूळ तो काही तासांत भरते. बाहेरचा फिल्टर कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर झाडा. आतला छोटा फिल्टर झाडायचा नसतो, बदलायचा असतो. फिल्टर काढून 'चालवून बघू' हा प्रयोग तर करूच नका, धूळ थेट लायनरमध्ये जाते. टर्बो असेल तर त्यापुढचा होज फाटला आहे का, क्लिप ढिली आहे का तेही बघा.

हवा ठीक असेल तर मळणीकडे वळा. गव्हाच्या हंगामातला मळणीच्या ड्रमचा वेग तसाच राहिला असेल, तर ताकद तिथेच खाल्ली जाते आणि दाणाही फुटतो. सोयाबीनला 450 ते 600 आरपीएमच्या आसपास ठेवा, कॉन्केव्ह (ड्रमखालची जाळी) थोडा उघडा. हिरव्या देठाचं, दव पडलेलं पीक उन्हं तापेपर्यंत थांबवा. इंजिन न दबता नुसता ड्रमच मंदावत असेल, तर पट्टा घसरतोय.

प्रश्न: आमचं हार्वेस्टर धूर न सोडताच मरगळतं, थोडं थांबलं की पुन्हा चालतं.

उत्तर: डिझेल अडतंय. टाकीचं झाकण सैल करून चालवा. फरक पडला तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. नाही पडला तर फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) जाळी साफ करा, दोन्ही डिझेल फिल्टर बदला. टाकीकडून येणाऱ्या नळीत थोडा पारदर्शक पाइप जोडा. बुडबुडे दिसले तर जोडातून हवा शिरतेय. तरीही नाही सुटलं, तरच पंप आणि नोझल (डिझेल फवारणारं तोंड) दुकानातल्या टेस्ट बेंचवर तपासायला न्या. मात्र ब्रीदरमधून (इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराने धूर फेकत असेल आणि सायलेन्सरमधून निळा येत असेल, तर रिंगा-लायनर गेले आहेत. तिथे पंपाच्या कामावर पैसे घालू नका.