बर्कशायरमधलं शायर म्हणजे शहर नव्हे

प्रश्न असा आलाय की वॉरन बफेटच्या बर्कशायर हॅथवे या अमेरिकन गुंतवणूक कंपनीच्या नावातलं बर्कशायर म्हणजे काय, आणि शायर म्हणजे आपलं शहरच ना? नाही हो! हे शायर-शहर इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. शहर फारसीतून आलं, त्याचं नातं संस्कृत 'क्षत्र'शी. शायर अस्सल जुनं इंग्रजी, तेव्हाचा उच्चार साधारण 'शीर' आणि अर्थ जबाबदारी, अधिकारपद, कारभार. आधी कारभार, मग तो चालतो तो मुलूख. आणि खरी गंमत पुढे आहे, राजाच्या कारभाऱ्याला म्हणायचे रीव्ह, शायरचा तो शायर-रीव्ह, आणि तेच घासून घासून झालं शेरीफ! म्हणजे मुंबईचे शेरीफ, ज्यांना आपण नगरपाल म्हणतो, दिलीपकुमार होते, गावसकर होते, त्या पदाच्या नावात हे शायर अजून बसलंय. शब्द हजार वर्षं चालत मुंबईपर्यंत आला आणि लोक शहर शहर करत बसलेत.

आता 'बर्क'. मूळ बर्कशायर हा इंग्लंडातला एक मुलूख. नवव्या शतकातला इंग्लंडमधला राजा आल्फ्रेड, त्याचं चरित्र लिहिणारा ॲसर ८९३ मधे सांगतो की बेरॉक नावाच्या जंगलावरून हे नाव पडलं आणि तिथे बॉक्सची झाडं भरपूर. यावरून बेरॉक म्हणजेच बॉक्सचं झाड असं बरेच जण ठोकून देतात, ते मला अजिबात पटत नाही. बॉक्स लॅटिन बुक्सुसवरून आलाय, त्यात 'र' कुठून आणणार? ॲसर झाडं होती एवढंच सांगतो. बेरॉक हा इंग्रजांच्या आधीच्या केल्टिक लोकांचा शब्द, 'बार' म्हणजे माथा, टेकडी, आयरिशमधे 'बार' अजूनही माथाच. टेकड्यांचा मुलूख, बास.

उच्चार इंग्लंडात बार्कशर, आपण क्लार्क म्हणतो ना, तोच 'आ'. अमेरिकेत मात्र बर्कशर. आणि कंपनीचं नाव बफेटनी ठेवलेलं नाही, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बर्कशर काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, कापड गिरण्यांचं ते नाव, १९५५ ला हॅथवे गिरणीशी जोडलं गेलं, बफेटनी ताबा घेतला १९६५ ला. त्या काउंटीला नाव इंग्लंडातल्या बार्कशरवरूनच मिळालं. काळ्या डुकरांची बर्कशायर जात आहे, तीही मूळची इंग्लंडातल्या बार्कशरचीच.