मुलगा सहा फूट पाच इंच आहे, पुढं काय?

मागच्या अंकात संपादकांनी माझ्या नावाखाली 'रेल्वेच्या माजी बास्केटबॉलपटू' असं छापलं आणि या महिन्यात पत्रांचा ढीग आला. एरवी गुडघेदुखी आणि मुलांचा मोबाइल यावर विचारणारी मंडळी यावेळी थेट एनबीएपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगपर्यंत, पोचली आहेत. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत. चार पत्रं निवडली.

मॅडम, मी यंत्रमागावर कामाला आहे. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीला, उंची सहा फूट पाच इंच. शाळेकडून विभागापर्यंत खेळला. पुण्यातले एकजण म्हणतात, स्पेनच्या क्लबशी करार करून देतो, आधी साडेतीन लाख भरा. सोसायटीचं कर्ज मिळतंय. भरू का? खेळाचा व्हिडिओ पाठवतो आहे. (एक वडील, अशोक चौक)

भरू नका. कर्जाचा अर्ज आधी मागं घ्या, मग पुढचं वाचा.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, म्हणजे फिबाचा, नियम आहे की खेळाडूला अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडं जाता येत नाही. अपवाद आहेत, पण ते तपासून मंजूर व्हावे लागतात. तुमचा मुलगा सोळाचा. म्हणजे करार करून देतो म्हणताक्षणी या गृहस्थांचं पितळ उघडं पडलं. अठरानंतरसुद्धा आपल्या राष्ट्रीय महासंघाचं ना-हरकत पत्र लागतं. एजंटाला फिबाचा परवाना लागतो आणि परवाना असलेल्यांची यादी फिबाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. त्यांचं नाव तिथं शोधा. खरा एजंट करार झाल्यावर त्यातला हिस्सा घेतो, साधारण दहा टक्क्यांपर्यंत, आणि बऱ्याचदा तोही क्लबच देतो. बापाकडून आगाऊ लाखभर घेणाऱ्याचं गिऱ्हाईक क्लब नसतो, बापच असतो.

आता व्हिडिओबद्दल. तीनदा पाहिला. पोरगं रिंगखाली उभं राहतं, वरच्यावर चेंडू पकडतं, हे छान. पण पकडल्यावर दरवेळी चेंडू कमरेपर्यंत खाली आणतं आणि मग उडी मारतं. तेवढ्यात साडेपाच फुटी पोरं तो हिसकावून नेतात. दोनदा तर त्या निळ्या बनियनवाल्यानं नेला. चेंडू हनुवटीखाली यायला नको, कोपर बाहेर काढून धरायचा आणि तिथूनच वर जायचं. हे उद्यापासून सुरू करा, याला एक रुपया लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमचा मुलगा सोलापुरात उंच म्हणून त्याला सगळे पोस्टला, म्हणजे रिंगखाली, उभा करतात. परदेशात सहा-पाचचा मुलगा गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा, असतो. तिथं रिंगखाली सहा-दहा, सात फूट अशी माणसं असतात. म्हणजे आज तो जे शिकतोय ते त्याला पुढं कामाचंच नाही. त्याला दोन्ही हातांनी ड्रिबल यायला हवं, बाहेरून शॉट यायला हवा. व्हिडिओत डावा हात त्यानं एकदाही वापरलेला नाही.

उंचीनं दार उघडतं, आत बसायला जागा मिळेलच असं नाही. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीतून २०१० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या अकादमीत शिष्यवृत्तीवर गेला. २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथं, डॅलसच्या संघानं त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं, असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. खालच्या लीगमध्ये खेळला, मग भारतात, मग कॅनडात, पुढं उत्तेजकांच्या प्रकरणात बंदी आली, आणि आता तो व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात आहे. त्याच्या गोष्टीतला मला सगळ्यात खटकणारा भाग वेगळाच आहे. अभ्यासाच्या अटी पूर्ण न झाल्यामुळे त्याला अमेरिकन कॉलेजच्या वरच्या गटात खेळता आलं नाही. चार वर्षं नियमित सामने मिळायची जी सोय होती, तीच हुकली. तुमच्या मुलाच्या इंग्रजीच्या पेपरात काय पडतं, ते पत्रात लिहिलेलं नाही. कळवा.

एनबीएत ३० संघ, प्रत्येकाचे १५ नेहमीचे करार, म्हणजे सगळ्या जगातून साडेचारशे माणसं. त्याच्या खालची जी-लीग ऐकायला मोठी वाटते, पण २०१८-१९ च्या हंगामात तिथला मूळ पगार पाच महिन्यांचा ३५ हजार डॉलर होता. अमेरिकेत राहून त्यातून घरी किती पाठवता येईल, हिशेब करा.

उलट अमृतपाल सिंगकडं बघा. पंजाबातल्या शेतकऱ्याचा मुलगा, चेंडू हातात घेतला तोच उशिरा. पण जपानमध्ये खेळून आला आणि २०१७-१८ च्या हंगामात सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये उतरला, तिथं खेळणारा पहिला भारतीय. म्हणजे सोळाव्या वर्षी धावाधाव केली नाही तर गाडी सुटते, असं काही नाही. अठरापर्यंत तुमच्या मुलाला कुमठे नाक्याच्या क्रीडा संकुलात पाठवा. सकाळीच पाठवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं नऊ वाजता सिमेंटच्या कोर्टवर उभं राहवत नाही.

मी २४ वर्षांचा, जुळे सोलापूर. खेळाडू कोट्यातून रेल्वेत क्लार्कची नोकरी मिळण्याच्या बेतात आहे. त्याच वेळी पूर्व युरोपातल्या दुसऱ्या दर्जाच्या क्लबकडून सात महिन्यांचा करार आला आहे. मित्र म्हणतात, रेल्वेत गेलास की खेळ संपला. काय करू?

नोकरी घे.

मित्रांना रेल्वेचा भरतीचा नियम ठाऊक नसावा. खेळाडू कोट्याला वय २५ पर्यंतच चालतं, त्यात सवलत नाही. हा दरवाजा तुला वर्षभरात बंद होणार. परदेशातला क्लब तुला सत्ताविसाव्या वर्षीही बोलावू शकतो, खेळत राहिलास तर.

आणि रेल्वेत खेळ संपतो हे कुणी सांगितलं? आपल्या देशातला वर्षभर चालणारा बास्केटबॉल रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इन्कम टॅक्स, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक अशाच संघांवर उभा राहिला आहे. भारताचा कर्णधार राहिलेला विशेष भृगुवंशी वाराणसीचा, नोकरी ओएनजीसीत, २०२० चा अर्जुन पुरस्कार. शहरांच्या लीग येतात आणि जातात. २०१५ मध्ये यूबीए लीग मोठ्या थाटात सुरू झाली, पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स असे संघ होते. दोन-तीन वर्षांत गुंडाळली. ज्या पोरांनी तिच्या भरवशावर नोकऱ्या नाकारल्या, त्यांच्याशी बोलून बघ. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनोन् महिने कोर्टवर पाऊल टाकता आलं नाही, पण एक तारखेचा पगार चुकला नाही. हे तुझ्या वयात कंटाळवाणं वाटतं, माहीत आहे.

नोकरी पक्की झाली की बाहेर खेळायला रजा मागता येते. मिळेलच असं नाही, साहेबावर असतं. नव्या भरतीला तर लगेच मागूच नकोस.

तरीही तुला तो करार घ्यायचाच असेल, तर सही करण्याआधी एवढं बघ. रक्कम कर वजा करून हातात किती पडणार ते लिहिलेलं हवं, नुसता आकडा नको. घर, विमानाचं जाण्या-येण्याचं तिकीट आणि वैद्यकीय विमा क्लबकडं. पोचल्यावर वैद्यकीय तपासणीत नापास केलं तर परतीचं तिकीट कोण देणार, तेही. दुखापत झाली तर पगार चालू राहणार की नाही, हे सगळ्यात आधी विचार. खालच्या दर्जाचे क्लब दोन सामने हरले की परदेशी खेळाडूला घरी पाठवतात, कारण संघात परदेशी खेळाडू किती हे ठरलेलं असतं आणि नवा आणायचा तर जुना काढावा लागतो. शेवटी, तंटा झाला तर तो स्वित्झर्लंडमधल्या बास्केटबॉल लवादाकडं जाईल असं कलम घालून घे. हा लवाद फिबानं २००७ मध्ये सुरू केला. त्याचा निकाल क्लबनं मानला नाही तर फिबा त्या क्लबला नवे खेळाडू घ्यायला बंदी घालू शकते. हे कलम घालायला क्लब कां-कूं करत असेल, तर पगार वेळेवर येणार नाही असं धरून चाल.

मुलगी बारावीत, उंची पाच फूट दहा इंच, राज्य स्पर्धा खेळली आहे. मुलींना यात काही भवितव्य आहे का? नातेवाईक म्हणतात, आता पुरे. (एक आई, होटगी रोड)

नातेवाईकांना चहा पाजा आणि विषय बदला.

मुलींच्या बाबतीत मी जरा पक्षपातीच आहे, तेव्हा तसं धरून वाचा. गीतू अॅना जोस केरळची, सदर्न रेल्वेत नोकरी. ती ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या रिंगवुड क्लबकडून खेळली, आणि २०११ साली डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे बायकांच्या एनबीएच्या, तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. निवड झाली नाही. पण ती परत येऊन खेळतच राहिली आणि २०१४ मध्ये अर्जुन पुरस्कार घेतला. घर आणि परदेश, दोन्ही एकाच आयुष्यात कसं बसतं ते तिच्याकडून शिकावं. भारताची कर्णधार झालेली शिरीन लिमये तर आपल्या पुण्याची, हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघालं तर जेवणाआधी तिच्या गावात. वाराणसीच्या प्रशांती सिंगला २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, चेन्नईच्या अनिता पॉलदुराईला २०२१ मध्ये. ही नावं नातेवाईकांसाठी.

तुमच्या मुलीसाठी मला परदेशी क्लबपेक्षा अमेरिकन कॉलेजचा रस्ता बरा वाटतो. बंगळुरूची संजना रमेश तशीच नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठाकडून खेळली. शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षण, राहणं, खाणं त्यात येतं, हाती पदवी येते. पण तिथं नववीपासूनचे गुण बघतात, फक्त बारावीचे नव्हेत. गुणपत्रिका काढून ठेवा. पूर्ण सामन्याचे दोन-तीन व्हिडिओ हवेत. नुसत्या बास्केटचे तुकडे जोडून गाणं लावून पाठवलेलं तिथले प्रशिक्षक बघत नाहीत, त्यांना चेंडू हातात नसताना मुलगी काय करते ते बघायचं असतं. आणि इथल्या स्पर्धांची प्रमाणपत्रं जपा. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. अमेरिका नाही जमली तर ती कागदं उपयोगी पडतील, पण पडताळणी वेळेत करून घ्या.

मी आठवीत आहे. एनबीएची रिंग आपल्यापेक्षा उंच असते का? (साखर पेठ)

नाही रे. तीच, ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट. थ्री पॉइंटची रेघ, म्हणजे जिच्यामागून बास्केट केली की तीन गुण मिळतात ती, मात्र त्यांची लांब आहे, ७.२४ मीटर, आपली ६.७५. आणि त्यांचा क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पाव भाग, बारा मिनिटांचा, आपला दहा. तुझ्या शाळेतली रिंग एकदा टेपनं मोज. पोरं लोंबकळून ती पुढून वाकलेली असेल तर खेळाच्या सरांना सांग. वाकलेल्या रिंगवर शॉट बसला आणि सरळ रिंगवर गेलास की चेंडू आधीच पडतो. टेप मिळाला नाही तर संकुलात ये, माझ्या पिशवीत असतो.