सांगलीत घरासाठी किती केव्हीएचा जनरेटर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घर सांगलीतच आहे, पावसाळ्यात लाईट गेली की तास न् तास येत नाही, आणि 3 पंखे, फ्रिज, दिवे आणि 1 एचपीची पाण्याची मोटर चालवायची आहे. अडचण फक्त मोटरची आहे. बाकी सगळं मिळून 500 वॉटच्या आत बसतं.

1 एचपी म्हणजे 746 वॉट, हे आपण शाळेत शिकलो. पण मोटर आत त्याहून जास्त ओढते, आणि सुरू होताना क्षणभर एरवी चालताना लागणाऱ्या करंटच्या चार-पाच पट मागते. मी आधी 2 केव्हीएचा सेट आणला होता (केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद मोजायचं माप, एक केव्हीए म्हणजे ढोबळमानाने 800 ते 1000 वॉट). मोटरचा खटका दाबला की जनरेटर गुरगुरायचा, दिवे मंद व्हायचे आणि सगळंच गप्प. नंतर 3.5 केव्हीएचा घेतला. त्यावरही आधी एकटी मोटर लावतो, टाकी भरली की बंद करतो आणि मग फ्रिज. तुम्हीही त्याच्या खाली जाऊ नका. पाणी नळाचंच असेल, मोटर नसेल, तर मात्र जनरेटरच्या नादाला लागू नका, इन्व्हर्टर पुरे.

आता ठेवायचा कुठे? एरवी मी अंगणात ठेवा म्हटलं असतं. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. आमच्या अंगणात तेव्हा छातीएवढं पाणी होतं. मग माणूस सेट वर नेतो आणि जिन्यात नाहीतर गॅलरीत लावतो. तिथेच घात होतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग, झोपलेला माणूस उठतच नाही. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. उघडी गच्चीच हवी, जिन्याच्या दारापासून लांब, वर पत्रा पण चारी बाजू मोकळ्या. सेट पन्नासेक किलोचा असतो, तेव्हा पाऊस लागायच्या आधीच दोघांनी मिळून चढवून ठेवा.

जोडणीचं मात्र हात जोडून सांगतो. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून जनरेटर घरातल्या प्लगात खुपसणारे महाभाग आमच्या गल्लीतही आहेत. तो करंट मीटरमधून उलटा डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर जातो. जी डीपी 11,000 व्होल्टचे 230 करते, ती उलट्या बाजूने 230 चे 11,000 करते. आणि वर खांबावर वायरमन लाईन बंद आहे असं समजून चढलेला असतो. मेन स्विच आठवणीने पाडतो म्हणू नका, रात्री दोन वाजता अंधारात कुणाला काय आठवतं? फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी एकतर लाईनला नाहीतर जनरेटरला जोडणारा, दोन्हींना कधीच नाही) लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, अर्थिंगही तपासून घ्या. (शेजाऱ्यांच्या गच्चीवर बॅटरीशिवायचं सोलर आहे. लाईट गेली की भर उन्हातही ते बंद पडतं म्हणून ते चिडतात. तेही याच वायरमनसाठी बंद पडतं.)

पेट्रोल निम्म्या लोडवर ताशी लिटरभर तरी धरा. पुरात पंपही बंद असतात, त्यामुळे चोवीस तास चालवायचा विचार सोडा. फ्रिजला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास दिले तरी दूध टिकतं, दार मात्र सारखं उघडायचं नाही. हंगाम संपला की टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवा. मी एकदा तसाच ठेवला होता. पुढच्या जुलैत दोरी ओढून ओढून खांदा गेला आणि शेवटी मेणबत्तीच लावली.