धमनीला ‘आकडी’ येते का?

प्रश्न कोल्हापुरातल्याच एका ताईंचा. मामांच्या मेंदूची बायपास, म्हणजे मेंदूला रक्त पोचवायला दुसरी धमनी जोडायची शस्त्रक्रिया, व्हायची आहे. ‘जोडताना धमनीला स्पाझम येऊ नये म्हणून औषध लावतो,’ असं डॉक्टर म्हणाले. ताईंनी घरी येऊन सांगितलं, ‘शिरेला आकडी येऊ नये म्हणून.’ मामी रडायलाच लागल्या. ताई विचारतात, शब्द चुकला का?

चुकला. आकडी म्हटलं की आपल्याला फीटच दिसते: दातखिळी, फिरलेले डोळे, नाकाशी धरलेला कांदा. त्यातून गोष्ट मेंदूची. मामी दुसरं काय समजणार?

पेटका जवळचा आहे. रंकाळ्यात पोहताना पोटरीत गोळा येतो, तसाच प्रकार. धमनीच्या भिंतीतही स्नायू असतो आणि हाताळलं की तो आवळतो. पण पेटका म्हटलं की कळ आठवते, आणि इथे मुद्दा कळीचा नाही, नळी अरुंद होऊन रक्त अडण्याचा आहे. ‘आकुंचन’ही नको. हृदय तर दर ठोक्याला आकुंचन पावतं, त्यात बिघाड कुठला?

मी ‘आखडणे’ घेईन. थंडीत बोटं आखडतात, बसून बसून कंबर आखडते. जे आखडतं ते पुन्हा मोकळंही होतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

कानाच्या पाळीपुढे जरा वर बोट टेकवा. ठोका लागतो ना? बहुतेक वेळा तीच धमनी सोडवून, कवटीला भोक पाडून, मेंदूवरच्या धमनीला जोडतात. झुरिकमध्ये यासारगिल या सर्जननी १९६७ साली हे पहिल्यांदा केलं. इतकी बारीक नळी आखडली तर जोड तुंबायची भीती.

आखडू नये म्हणून लावायची दोन औषधं म्हणजे पॅपाव्हरिन आणि निकार्डिपिन. पहिल्याचं नाव मजेशीर. पॅपाव्हरिनमधलं ‘पापावेर’ म्हणजे लॅटिनमध्ये खसखशीचं, अफूचं झाड. १८४८ मध्ये ते अफूतूनच वेगळं काढलं, पण त्याला नशा नाही. आपल्या पांढऱ्या रश्श्यातली खसखस त्याच झाडाची! निकार्डिपिनचं काम वेगळं: स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून तो आवळत नाही. दोन्हींची तुलना करताना ‘धमनी किती लवकर सैल पडते’ आणि ‘किती वेळ सैल राहते’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. ‘परिणामकारकता’ या एका शब्दात दोन्ही कोंबले की काहीच कळत नाही.

मामींना एवढंच सांगा: ‘जोडताना शीर आखडू नये म्हणून वरून औषध लावतात.’ शीर चालेल. घरात धमनी कोण म्हणतं?